कापूस, पारा आणि क्रिकेट ०७

मे महिन्यातल्या एका शनिवारी मानवतला घरी गेलो होतो. पुण्याहून रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी उतरलो, तर आठ वाजताच ऊन डोक्यावर. ज्यांना मानवत माहीत नाही त्यांच्यासाठी: परभणी जिल्हा, कापसाचं गाव, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने भरपूर. परभणीचं कुणी भेटलं की "जगात जर्मनी अन् भारतात परभणी" हे ऐकवल्याशिवाय सोडत नाही, ते मी तुम्हाला ऐकवून झालं. आता मुद्द्यावर येतो.

दुपारी घरातले सगळे कूलरसमोर आडवे झाले होते. भाचा तेवढा कोपऱ्यात बसून मोबाईलवर बीजीएमआय खेळत होता आणि दर दोन मिनिटांनी करवादत होता.

"मामा, इथलं नेट लई स्लो आहे. गेम लॅग मारायलाय."

मी फोन हातात घेतला. भाकरी टाकावी असा तापलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंग चाळीसच्या आसपास, म्हणजे नेट ठणठणीत. अडखळत होतं ते चित्र. मी फोन बंद करून पंधरा मिनिटं माठाशेजारी, सावलीत ठेवायला लावला. नंतर गेम लोण्यासारखा चालला. अर्थात दहाच मिनिटं!

भाच्याला वाटलं मामा फार हुशार. मामा हुशार वगैरे काही नाही. मामाला हा रोग माहीत होता, कारण सोळा वर्षांपूर्वी याच घरात, याच महिन्यात तो होऊन गेला होता. आणि तेव्हा त्याचं निदान चुकल्याची किंमत आम्ही मोजली होती. त्याची ही गोष्ट. पण ती नीट कळायला थोडा इतिहास लागेल, तेव्हा जरा धीर धरा.

*

आज गेम अडखळला की आपण म्हणतो कॉम्प्युटर स्लो आहे. गंमत म्हणजे घरगुती कॉम्प्युटरवरच्या गेमचा एक पहिला मोठा आजार बरोबर उलटा होता. गेम फार जोरात पळायचे!

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्याचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळातल्या बऱ्याच गेमांमध्ये वेळ मोजायला घड्याळ वापरलेलंच नव्हतं. प्रोसेसर एवढ्या वेगानं चालतो हे गृहीत धरून प्रोग्रॅम लिहायचा, की झालं. मग दुप्पट-तिप्पट वेगाची मशीन आली आणि त्यावर हे गेम लावले, तर गाडी दिसायच्या आत भिंतीवर आदळलेली. म्हणून मशीन बनवणाऱ्यांनी कॅबिनेटवर एक बटण दिलं, 'टर्बो'. नावावरून वाटतं की दाबलं की मशीन सुसाट सुटेल. खरं तर त्या बटणाचा खरा उपयोग टर्बो बंद करण्यात होता. मशीन मुद्दाम हळू करायचं, म्हणजे जुना गेम खेळता येईल.

ही गोष्ट लक्षात ठेवा: गेमचा वेळ आणि मशीनचा वेग एकमेकांना बांधलेले असू शकतात. पुढे कामाला येणार आहे.

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला आणि पारडं फिरलं. आता मशीन कमी पडायला लागलं. डूममध्ये त्यावरचा उपाय कीबोर्डवरच होता. वजाचं बटण दाबत गेलं की खेळाची चौकट लहान लहान होत जायची आणि गेम जोरात पळायचा. रंगवायचे ठिपके कमी, म्हणून कामही कमी. कमकुवत मशीनवाली जनता पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत राक्षस मारत बसायची.

१९९६ च्या 'क्वेक'नं आणखी एक धडा दिला. सायरिक्स नावाच्या कंपनीचे ६एक्स८६ प्रोसेसर तेव्हा स्वस्त होते आणि ऑफिसच्या कामांत पेंटियमच्या तोडीस तोड, कधीकधी सरस. पण क्वेकचा सगळा डोलारा दशांश चिन्हाच्या गणितावर, आणि तो पेंटियमच्या चालीवर बेतून लिहिलेला. या गणितात सायरिक्स लंगडा. वर्डमध्ये वाघ आणि क्वेकमध्ये शेळी! म्हणजे 'फास्ट' आणि 'स्लो' हा मशीनचा स्वभाव नाही. कोणतं काम दिलंय, त्यावर ते ठरतं.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं. चित्र काढायचं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावरून एका वेगळ्या चिपवर गेलं. १९९९ ला एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं आणि 'जीपीयू' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. पण त्याच १९९९ मध्ये इंटेलनं ८१० चिपसेट आणला, ज्यात ग्राफिक्स मदरबोर्डवरच. वेगळं कार्ड नको, वेगळी मेमरीही नको, मुख्य रॅममधलाच तुकडा घ्यायचा. गेमवाल्यांनी नाकं मुरडली. पण आमच्यासारख्या घरांत कॉम्प्युटर शिरला तो याच स्वस्त वाटेनं.

*

आता आमच्याकडे या.

१९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांवरची आयात जकात शून्यावर आली. इकडे २००१ साली राज्यात एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्या-तालुक्यात निघाले. सरकारी नोकरांना हा कोर्स सक्तीचा झाला. नाही केला तर वेतनवाढ अडकणार. मराठवाड्यातल्या किती घरांत कॉम्प्युटर नुसता या भीतीपोटी आला असेल, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा! :-)

माझे बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. २००५ च्या दिवाळीनंतर घरी कॉम्प्युटर आला, असेंबल्ड. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ग्राफिक्स मदरबोर्डवरच. आईनं त्याला शिवलेलं कव्हर घातलं, गुरुवारी उदबत्ती ओवाळली. बाबांची एमएस-सीआयटी झाली आणि मशीन माझ्या ताब्यात आलं. आधी रोड रॅश, मग व्हाइस सिटी, आणि पुढे आमच्या पिढीचा कुळधर्म, ईए चं क्रिकेट ०७. दोन-तीन हिवाळे छान गेले.

२००९ चा एप्रिल लागला आणि क्रिकेट ०७ स्लो झाला.

पण कसा स्लो, ते ऐका. चित्र तुटत नव्हतं. बोलर स्लो मोशनमध्ये धावत यायचा, बॉल तरंगत यायचा. (टर्बो बटण आठवलं? इथेही गेमचा वेळ मशीनच्या दमाला बांधलेला होता.) दुपारी माझा स्ट्राइक रेट सचिनच्या वर जायचा, कारण बॉल दिसायला भरपूर वेळ! पण मजा येईना. एक ओव्हर संपायला दहा मिनिटं.

मग सुरू झाला इलाज. पहिलं निदान बाबांचं: "गेम टाकून टाकून व्हायरस आणलास तू." त्या काळात गावात कॉम्प्युटरचा प्रत्येक रोग म्हणजे व्हायरस आणि प्रत्येक औषध म्हणजे फॉरमॅट. दुरुस्तीवाले काका आले, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, दोनशे रुपये घेऊन गेले. दोन दिवस बरं वाटलं. (खरं तर ते दोन दिवस ढगाळ होते, पण हे मला नंतर सुचलं.) तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

दुसरं निदान माझं. वर्गातल्या एकानं सांगितलं होतं, गेमला रॅम लागते. आठ दिवस अन्नावर राग काढला तेव्हा बाबांनी परभणीहून रॅमची जास्तीची पट्टी आणून दिली. किती पैसे गेले ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या वर्षी शाळा उघडताना मला नवीन दप्तर मिळालं नाही, त्यावरून अंदाज आला. गेम लवकर उघडायला लागला. बोलर मात्र तसाच पाण्यात चालल्यासारखा.

तिसरा इलाज पुन्हा फॉरमॅट. या वेळी काका म्हणाले, व्हायरस डी ड्राइव्हमध्ये लपलाय, तोही उडवावा लागेल. बाबा हो म्हणाले. मी पण हो म्हणालो.

डी ड्राइव्हमध्ये आजीचे फोटो होते. २००८ च्या उन्हाळ्यात ताईच्या साखरपुड्याला चुलत्यांनी डिजिटल कॅमेरा आणला होता. आजीचे तेवढेच रंगीत फोटो, आणि त्याच पावसाळ्यात आजी गेली. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं कधीच पुसलं गेलं होतं. कॉम्प्युटरमध्ये आहेत म्हणजे कायमचे आहेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

फॉरमॅट झाला. संध्याकाळी आईनं विचारलं, "ते फोटो हायेत ना रे?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता क्रिकेट ०७ होता तेवढाच स्लो.

*

इथे पेंटियम फोरची कुंडली मांडायला हवी.

नोव्हेंबर २००० मध्ये आलेला हा प्रोसेसर मेगाहर्ट्झच्या शर्यतीसाठी घडवलेला होता. वेग वाढला तशी उष्णताही वाढत गेली. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याचा 'प्रेस्कॉट' हा अवतार आला, तो शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकायचा, आणि चिपचं क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस सेंटीमीटर. शंभरचा बल्ब बोटाच्या पेरावर पेटवल्यासारखं. ही शर्यत तिथेच दमली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत भर स्टेजवर, थट्टेनं का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. २००६ मध्ये कमी तापणारे कोअर २ आले आणि पेंटियम फोरचं घराणं मागे पडलं.

पण त्यात एक शहाणपणाची सोय होती. चिपच्या आतच तापमान मोजणारा पहारेकरी. पारा ठराविक हद्दीपलीकडे गेला की तो प्रोसेसरचं घड्याळ क्षणभर बंद, क्षणभर चालू करत राहायचा. म्हणजे जवळजवळ अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ विश्रांती. जळण्यापेक्षा दमानं चाललेलं बरं. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी याचा एक व्हिडिओ काढला होता. क्वेक ३ चालू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा धातूचा हीटसिंक सरळ उचलून काढला. एएमडीचे दोन्ही ॲथलॉन धूर काढून मेले. पेंटियम ३ जागीच गोठला. पेंटियम फोरवर गेम नुसता स्लो झाला, आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा पळायला लागला.

सोय उत्तम, पण मुकी. स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. विंडोजला विचारलं तर ते कागदावरचाच वेग सांगणार. प्रोसेसर अर्धा दिवस झोपा काढतोय हे घरातल्या कुणालाही कळायला मार्ग नाही.

आता याला हवेचं गणित जोडा. हीटसिंक चिपला 'थंड' करत नाही, तिची उष्णता खोलीतल्या हवेला देतो. समजा खोली २५ अंशांवर असताना चिप ६० वर राहते, म्हणजे फरक ३५. तीच खोली ४२ वर गेली की चिप ७७ वर. त्या काळात कॅबिनेटची रचना करताना बाहेरची हवा फार तर ३५ अंश धरलेली असायची. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा सर्रास ४२-४४. त्यात वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, आणि कॉम्प्युटर टेबलाच्या त्या बंद कप्प्यात. डिझायनरच्या वहीत आमचा मे महिना नव्हताच.

पण मग २००६, ०७, ०८ चे उन्हाळे कसे निभले? तेव्हाही पारा तोच होता की.

*

याचं उत्तर मामेभावानं दिलं. दादा नांदेडला इंजिनिअरिंगला होता, मेच्या शेवटी सुट्टीत आला. आल्या आल्या मी गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही. मलाच प्रश्न विचारत बसला. स्लो कधी होतो? सकाळी होतो का? सुरुवातीपासून की थोड्या वेळानं? थंडीत होत होता का?

मी म्हणालो, "सकाळी नाही होत. दुपारी दहा मिनिटांनी होतो. अन् दादा, लाईट जाऊन आली ना, की एकदम मस्त चालतो."

हे मी आधीही सांगितलं होतं, पण सगळे हसले होते. लोडशेडिंगचे दिवस ते. राज्यात मागणी आणि पुरवठ्यात हजारो मेगावॉटची तफावत, आणि ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त तिथे अंधारही जास्त. दुपारी तीन-चार तास लाईट नसायची. आली की मी धावत कॉम्प्युटर लावायचो आणि पहिली दहा मिनिटं गेम कसा वाऱ्यासारखा! माझी आपली समजूत, की कॉम्प्युटरला विश्रांती मिळते. बाबा म्हणायचे, "त्याला काय पाय दुखायलेत?"

दादा हसला नाही. म्हणाला, "चल, खोलू."

कॅबिनेटची बाजू उघडली. पंखा फिरत होता, व्यवस्थित. मग त्यानं पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचलला आणि खाली... गादी! खरंच सांगतो, हीटसिंकच्या पात्यांवर बोटभर जाडीची करडी-पांढरी गादी बसली होती. धूळ नव्हे, कापूस. घरामागे दोन गल्ल्या सोडून जिनिंग. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हंगामात हवेत तंतू तरंगत असतात, खिडकीच्या जाळीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. तसेच ते पंख्यानं ओढून हीटसिंकवर नेऊन बसवले होते. एक हंगाम, दोन हंगाम, चार हंगाम. चौथ्या हंगामानंतर पात्यांमधून हवा जायची बंद झाली, आणि त्यानंतर लगेच एप्रिल उजाडला.

म्हणजे एकटा कापूस गुन्हेगार नाही, एकटा उन्हाळाही नाही. हिवाळ्यानं वाट बुजवली आणि उन्हाळ्यानं ती दाखवून दिली.

दादानं चिमट्यानं ती गादी उचलली, उरलेलं सायकलच्या पंपानं उडवलं, नवी पेस्ट लावली. खर्च वीस रुपये. भर दुपारी दोनला क्रिकेट ०७ लावला. ब्रेट ली धावत आला आणि पहिल्याच बॉलला माझा त्रिफळा उडाला. इतका आनंदात मी कधीच आऊट झालो नाही.

बाबा मागे उभे होते. ती कापसाची गादी हातात घेऊन बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मग फॉरमॅट कामून केला?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

*

आज माझं रोजचं काम हेच आहे. कुणाचं तरी सॉफ्टवेअर स्लो चालतं आणि ते का, हे शोधायचं. आणि रोज मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी ठामपणे म्हणतं, "मेमरी वाढवा", "सर्व्हर बदला", "रीस्टार्ट करा". मला दर वेळी दुरुस्तीवाले काका आठवतात. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी व्हायरस पाहिले होते, म्हणून त्यांना व्हायरस दिसला. मी रॅमबद्दल ऐकलं होतं, म्हणून मला रॅम दिसली. भाच्यानं नेटचे प्रताप पाहिलेत, म्हणून त्याला नेट दिसतं. वरचा सगळा इतिहास बघा ना: आधी घड्याळ, मग ठिपके, मग दशांशाचं गणित, मग ग्राफिक्स, मग उष्णता. अडचणीची जागा दर काही वर्षांनी सरकत गेली, आणि आपण मात्र तिला मागच्या पत्त्यावर शोधत राहिलो.

दादानं वेगळं एवढंच केलं, की आधी विचारलं, कधी होतं आणि कधी होत नाही. उत्तर घरातच होतं, बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी. फक्त ते हसण्यावारी गेलं होतं.

आता नियमासारखं पाळतो: ज्याला परत आणता येत नाही असा उपाय सगळ्यात शेवटी. पुसण्याआधी मोजायचं. आणि मोजण्याआधी, ज्याला रोज त्रास होतोय त्याला विचारायचं, त्याचं बोलणं कितीही येडपट वाटलं तरी.

रविवारी निघताना भाच्याला फोनचं कव्हर काढून खेळायला आणि चार्जिंगला लावून न खेळायला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, कूलरसमोर धरला तर?" म्हटलं धर, पण पाणी उडू देऊ नकोस. बाबा शेजारीच पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत भाच्याला म्हणाले, "आधी त्यातले फोटो दुसरीकडं घेऊन ठेव."

सोळा वर्षं झाली, पण विसरले नाहीत. असो.